स्तनदा माता आणि स्टिरॉइड : भय कशाचे, दक्षता कोठे?

‘बाळ अंगावर पिते आहे; ही गोळी चालेल का?’ हा प्रश्न चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात वरचेवर विचारला जातो. गोळी स्टिरॉइडची आहे असे कळताच बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘पाजणे बंद करा’ किंवा ‘गोळी बंद करा’. पहिल्या उत्तराने बाळ स्तन्याला मुकते, दुसऱ्याने मातेच्या जिवाला धोका उद्भवू शकतो. बहुसंख्य प्रसंगी या दोहोंपैकी कशाचीच आवश्यकता नसते.

मराठवाड्यात स्टिरॉइडविषयीचे भय अलीकडे अधिक दृढ झाले आहे, आणि त्याला कारणही आहे. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून त्या वेळच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उपचारांसाठी आले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेकी वापर ही त्या व्याधीची प्रमुख कारणे म्हणून घरोघरी चर्चिली गेली. तो धडा योग्यच होता; परंतु त्यातून ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ एवढेच सूत्र लोकांच्या मनात उरले. स्तनदा मातेच्या बाबतीत हे सूत्र अपुरे ठरते.

स्तन्यातून किती जाते?

मातेने घेतलेले औषध बाळापर्यंत पोहोचते, हे आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे बालकाचे भेद करून क्षीरप बालकाच्या चिकित्सेत धात्रीलाही औषध देण्याचा विचार आपल्या संहितांनीच मांडला. म्हणून खरा प्रश्न ‘जाते का’ हा नसून ‘किती जाते’ हा आहे. मात्रेवाचून द्रव्याचा विचार पूर्ण होत नाही.

प्रेडनिसोलोनच्या बाबतीत हे गणित उपलब्ध आहे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माता दररोज 80 मिलिग्रॅम एवढी मोठी मात्रा घेत असली तरी बाळाला दुधातून त्याच्या 0.1 टक्क्याहूनही कमी, म्हणजे 0.08 मिलिग्रॅमच्या आत औषध मिळते. बाळाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी दररोज जेवढे कॉर्टिसोल निर्माण करतात, त्याच्या एक दशांशापेक्षाही हे कमी आहे. दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने बाळावर सार्वदेहिक परिणाम होण्याची शक्यता अत्यल्प मानली जाते. त्याहून अधिक मात्रा दीर्घकाळ चालू असल्यास बाळाचे वजन व वाढ यांवर बालरोगतज्ज्ञांची देखरेख असावी. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोनची एक ग्रॅमसारखी प्रचंड मात्रा दिली असेल, तर दोन ते चार तास थांबून मग पाजावे, एवढी काळजी पुरेशी होते.

सर्व स्टिरॉइडे मात्र एकसारखी नाहीत. डेक्सामेथासोन दीर्घकाळ कार्य करणारे असून स्तन्यातील त्याच्या प्रमाणाविषयी माहिती तोकडी आहे. 2020 मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या कोविड चाचणीत इतर रुग्णांना डेक्सामेथासोन दिले गेले, परंतु गर्भिणी व स्तनदा मातांसाठी प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन योजले होते. श्वासरोगात ओढून घ्यावयाच्या ब्युडेसोनाइडसारख्या औषधाचा दुधात जाणारा अंश नगण्य असतो. तेव्हा ‘पंप’ बंद करविणे हे कोणत्याही दृष्टीने हितकर नाही. सांध्यात किंवा मणक्याजवळ दिलेल्या ट्रायमसिनोलोनच्या इंजेक्शनानंतर दूध काही काळ कमी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ‘दूध आटले’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मातेला स्तन्यजनन द्रव्ये देण्यापूर्वी अशा इंजेक्शनाची चौकशी अवश्य करावी.

मलम : दुर्लक्षित धोका

गोळीची भीती वाटणारी माता मलम मात्र निःशंकपणे लावते. वस्तुतः स्तनाग्रावर लावलेले मलम दुधात न मिसळता थेट बाळाच्या मुखात जाते. स्तनाग्राच्या वेदनेसाठी एका मातेने प्रसूतीपासून तीव्र स्टिरॉइडयुक्त मलम वापरले. दोन महिन्यांच्या तिच्या बाळाला तीव्र रक्तदाब, सुजल्यासारखा चेहरा, खुंटलेली वाढ आणि हृदयगतीतील विकृती आढळून आली. वैद्यकीय साहित्यात हे उदाहरण 1983 पासून नमूद आहे.

क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांसारखी तीव्र मलमे आणि गजकर्णासाठी खपणारी त्यांची मिश्रणे स्तनाग्रावर सर्वथा वर्ज्य समजावीत. चिरा पडण्याचे मूळ अनेकदा बाळ स्तनाला नीट न लागण्यात असते. ते आधी सुधारावे. चिकित्सकाने सौम्य स्टिरॉइड दिलेच असेल, तर ते पाजल्यानंतर अल्प प्रमाणात लावावे व पुढच्या पाजण्यापूर्वी हलकेच पुसून घ्यावे.

अकस्मात बंद करणे

फिलिप हेंच यांनी 1930 च्या दशकात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते : संधिवाताच्या स्त्रियांना गर्भावस्थेत उतार पडतो. याच शोधमार्गावर 1948 मध्ये कॉर्टिसोनचा पहिला प्रयोग झाला आणि 1950 मध्ये हेंच, केंडल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या निरीक्षणाची दुसरी बाजू अशी, की प्रसूतीनंतर काही महिन्यांत हा व्याधी पुष्कळ स्त्रियांत उसळतो, म्हणजे नेमका स्तन्यपानाच्या काळात.

अशी माता ‘स्टिरॉइड सोडवा’ म्हणून आपल्याकडे येते. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड चालू असल्यास तिच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात. औषध एकाएकी थांबविल्यास आत्यंतिक दौर्बल्य, छर्दी, रक्तदाब व रक्तशर्करा खालावणे आणि प्रसंगी प्राणसंकट ओढवू शकते. आपली चिकित्सा अवश्य सुरू करावी. परंतु आधीची मात्रा मूळ चिकित्सकाच्या संमतीने क्रमाक्रमानेच उतरवावी.

निनावी पुडी

सर्वांत गंभीर धोका ज्ञात गोळीत नसून अज्ञात पुडीत आहे. सांधेदुखी, दमा व त्वचारोग यांवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, ही आपल्या क्षेत्राला लांच्छनास्पद वस्तुस्थिती आहे. येथे कोणते द्रव्य, किती मात्रा, किती दिवस, यांपैकी काहीच ज्ञात नसते. वर सांगितलेले सुरक्षिततेचे सारे गणित या ठिकाणी निरुपयोगी ठरते. दोन दिवसांत चमत्कारिक उतार, पुडी थांबताच दुप्पट वेदना, गोल होत जाणारा चेहरा, वाढलेली शर्करा अशी लक्षणे दिसल्यास संशय घ्यावा. अशा वेळी ‘पुडी फेकून द्या’ असे सांगणेही धोक्याचे आहे. रुग्णेला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे आणि नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा 2018 पासून नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाच्या समन्वयाने कार्यरत आहे. तिचा उपयोग आपण करावयास हवा.

औषध विक्रेत्यांसाठी

2018 मध्ये केंद्र शासनाने 14 बाह्योपचारी स्टिरॉइडांना अनुसूची ‘एच’खाली आणले. चिठ्ठीवाचून ती देणे कायद्याला धरून नाही. चिठ्ठी असली तरी ‘बाळ अंगावर पिते का आणि मलम कोठे लावणार?’ हे दोन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते. आयुर्वेदीय औषध घेताना वेष्टनावर घटकांची यादी, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक पाहावा. तो नसलेला माल दुकानात ठेवू नये.

ज्या स्टिरॉइडचे नाव, मात्रा आणि मार्ग ज्ञात आहे, ते बहुधा स्तन्यपानाच्या आड येत नाही. म्हणून स्तनदा मातेच्या रुग्णपत्रिकेत चालू असलेली प्रत्येक गोळी, मलम, पंप, इंजेक्शन आणि पुडी यांची नोंद पहिल्याच भेटीत करावी. पाजणे थांबविण्याचा सल्ला देण्यापूर्वी ती नोंद एकदा वाचली, तरी अनेक बालकांचे स्तन्य आणि अनेक मातांचे आरोग्य सुरक्षित राहील.