घरपट्टीची पावती आणि घराची मालकी

यवतमाळच्या जुन्या वस्तीत घर घेऊ पाहणारा गृहस्थ भेटला आणि बोलणे कागदपत्रांवर आले, की तो एक वाक्य हमखास उच्चारतो : ‘‘टॅक्सपावती त्यायच्याच नावाची हाय ना भाऊ, तीस वर्सापासून, अजून काय पायजे?’’ हे वाक्य दत्त चौकाच्या परिसरात ऐकू येते, वणीत ऐकू येते, पुसद-दारव्ह्याच्या बोळांतही ऐकू येते. आणि ते इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की आरंभी समजूत घालण्याची इच्छा होते आणि पुढे पुढे नुसते कपाळाला हात लावून बसण्याची. सागवानी खांब, कवेलूंचे छप्पर, परसात विहीर आणि चालत जाण्याच्या अंतरावर बाजार, एवढ्यावर मन बसलेल्या माणसाला पावतीपलीकडे पाहण्यास सांगणे त्याला विघ्नसंतोषीपणाचे वाटते, हेही मी जाणतो.

तथापि या पावतीचे स्वरूप एकदा शांतपणे पाहावे. नगरपरिषदेला आपल्या हद्दीतील इमारतींवर कर बसवावयाचा असतो. त्यासाठी इमारत कोणती, तिचे मूल्य किती आणि मागणीपत्र कोणाच्या हाती द्यावयाचे, एवढे तिला कळले की तिचा कार्यभाग संपतो. त्या नावाच्या इसमाने ते घर विकत घेतले, वारसाने मिळवले, की चुलत्याच्या पश्चात नुसतेच बळकावले, याची न्यायिक चौकशी करण्याचा अधिकार कर विभागास नाही आणि तो तशी चौकशी करीतही नाही. अनधिकृत बांधकामावरसुद्धा कर आणि वर शास्ती आकारता येते, मात्र ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यानेच स्पष्ट करून ठेवले आहे. खाणावळीचे बिल नियमित भरणारा माणूस कितीही वर्षे जेवला तरी खाणावळीचा मालक ठरत नाही. लोहारा, वडगाव, उमरसरा ही गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आली, तेथील घरांच्या ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या ‘नमुना आठ’लाही हाच न्याय लागू आहे. करपावती हा भोगवट्याचा एक दुय्यम पुरावा आहे. वाद उपस्थित झाल्यास इतर पुराव्यांच्या जोडीने तिचा थोडाफार उपयोग होतो, एवढीच तिची योग्यता.

येथे समोरचा गृहस्थ दुसरे अस्त्र काढतो : ‘‘मग फेरफार तर झाला हाय!’’ फेरफार झाला असेल आणि आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) विक्रेत्याचे नाव चढले असेल, तर ती गोष्ट करपावतीहून निश्चितच वजनदार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु त्यातील ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) आणि बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७) या निकालांत निःसंदिग्धपणे सांगितले, की फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ती नोंद महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. इतके सांगूनही लोक ऐकेनात, म्हणून की काय, २०२१ मध्ये जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात तेच पुन्हा सांगावे लागले आणि मृत्युपत्राच्या आधारे फेरफार मागणाऱ्यास आपला हक्क आधी दिवाणी न्यायालयात शाबीत करण्याचा मार्ग दाखविण्यात आला.

उरली ती रजिस्ट्री. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताखेरीज होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते, आणि तेथवर लोकांची समजूत बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर : दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला, म्हणजे विक्रेत्याची मालकी सरकारने तपासून दिली, असे गृहीत धरले जाते. निबंधक पाहतो तो दस्त विहित रीतीने निष्पादित झाला आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, पक्षकार तेच आहेत का. विक्रेत्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी कायदा त्याला देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात म्हटले आणि मालकीचा पूर्वपुरावा मागणारा तामिळनाडूचा नियमच रद्द ठरविला. म्हणजे ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने विकलेल्या ‘काही नाही’चीसुद्धा रजिस्ट्री रीतसर होऊ शकते. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये अशी पद्धती आली, की सरकारी नोंदवहीतील नाव हीच मालकी आणि चूक झाल्यास भरपाईची हमी. आपल्या पुष्कळ मंडळींच्या मनात नकळत तीच पद्धती वसलेली असते, परंतु आपल्या देशात ती नाही.

वऱ्हाडातील शहरांत या घोटाळ्यास आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत वाचून कळत नाही : नझूल. शहरातील सरकारी मालकीच्या कितीतरी जागा पूर्वी भाडेपट्ट्याने, साधारणतः तीस वर्षांच्या मुदतीने, देण्यात आल्या; पट्टेदारांनी त्यांवर घरे बांधली, नातवंडांनी त्यांवर मजले चढवले, आणि मधल्या काळात खालची जमीन शासनाची आहे ही गोष्ट कुटुंबाच्या स्मृतीतून पुसली गेली. अशा घराची करपावती नियमित असते, वीजदेयक नावाचे असते, क्वचित रजिस्ट्रीही झालेली असते. मात्र आखीव पत्रिकेवरील धारणाधिकाराचा रकाना पाहिला की पट्टा उघडा पडतो, त्याची मुदत कधीच सरून गेलेली असते, आणि अटीप्रमाणे लागणारी हस्तांतरणाची परवानगी कोणी घेतलेलीच नसते. शर्तभंगाचे ते ओझे खरेदीदाराच्या खांद्यावर येते. नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनी धारकांच्या मालकीच्या करून देण्यासाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली ती याच कारणास्तव. परंतु योजना आली म्हणून प्रत्येक जागा आपोआप मोकळी झाली, ही नवी समजूत आता रुजू पाहते आहे. मोकळी झाली ती जागा, जिच्यासाठी अर्ज झाला, रक्कम भरली गेली, आदेश निघाला आणि आखीव पत्रिकेवर त्याची नोंद झाली. बाकीच्या जागा होत्या तेथेच आहेत.

मग पाहावयाचे काय? दस्तऐवजांची साखळी. आजचा विक्रेता कोणाकडून मिळकत घेता झाला, तो कोणाकडून, असे किमान तीस वर्षे मागे जावे. दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील सूची दोनचा शोध घ्यावा आणि बँकेचा बोजा अथवा गहाण आढळल्यास तो फिटल्याचा नोंदणीकृत कागद मागावा. जुन्या घरांच्या बाबतीत हे काम कष्टाचे आहे. १९४० च्या सुमाराचे खत मध्यप्रांत व वऱ्हाडातले, १९५२ चे मध्य प्रदेशातले, १९५८ चे मुंबई राज्यातले आणि त्यानंतरचे महाराष्ट्रातले, अशी चार राज्यांची नावे एकाच घराच्या कागदांवर आढळू शकतात. त्याहून जुना कागद पुष्कळदा मोडीत असतो आणि तो वाचणारा जाणकार शोधावा लागतो. पेटीच्या तळाशी असा कागद सापडला तर तो कंटाळून बाजूला ठेवू नये. चतुःसीमा, सामाईक भिंत, विहिरीतील हिस्सा आणि बोळातून जाण्याची वाट यांचा उल्लेख असला तर त्यातच असतो, आणि दाट वस्तीतील निम्मे तंटे याच चार गोष्टींवरून उद्भवतात.

वारसांविषयीचा समज : भावांनी सह्या केल्या की पुरे. तो चूक. हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आहे, कन्या जन्मतःच सहदायाद असते हे विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये निर्णीत झाले आहे, आणि ‘‘ताईनं तोंडी हक्क सोडला’’ या वाक्यास कवडीचे मूल्य नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे.

पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून घर ‘घेतले’ असे सांगणाऱ्यांनी, तसेच मुखत्यारपत्रावर विसंबणाऱ्यांनी, सर्वोच्च न्यायालयाचा सूरज लॅम्प प्रकरणातील २०११ चा निकाल वाचावा; अशा कागदाने मालकी येत नाही. जुने घर पाडून हवे तितके उंच बांधता येईल, हे तर दलालाचे आश्वासन. दाट वस्तीच्या क्षेत्रास वेगळे नियम आहेत आणि चटईक्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी निगडित आहे. वाडा शंभर वर्षांचा म्हणून तो आपोआप वारसा वास्तू होत नाही. सक्षम प्राधिकरणाच्या यादीत त्याचे नाव असावे लागते.

शेवटचा समज भाडेकरूंविषयीचा, आणि तो दोन्ही अंगांनी चुकीचा. बारा वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो, असे एक पक्ष मानतो. परंतु मालकाच्या अनुमतीने असलेला ताबा कितीही लांबला तरी तो प्रतिकूल ठरत नाही, आणि मुदत कायद्यातील बारा वर्षे प्रतिकूल ताब्याची आहेत. दुसरा पक्ष मानतो, की घर विकले गेले म्हणजे भाडेकरूचा संबंध तुटला. तो तुटत नाही. नवा खरेदीदार केवळ त्याचा नवा घरमालक होतो. विदर्भात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशान्वये नुसती नोटीस देण्यासाठीही नियंत्रकाची पूर्वपरवानगी लागत असे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाल्यावर ती पायरी गेली, परंतु भाडेकरू काढण्यासाठी कायद्यातील कारण न्यायालयात सिद्ध करणे अद्याप भाग आहे. ढेलजेतल्या खोलीत चाळीस वर्षे शिवणकाम करणाऱ्या म्हाताऱ्याविषयी ‘‘जाईल तो, काय जाते!’’ असे विक्रेता म्हणत असेल, तर म्हाताऱ्याने खोली रिकामी करून लेखी ताबा दिल्यानंतरच खरेदीखताची तारीख ठरवावी.