अर्ध्या थेंबातल्या नद्या

वीस लिटरची बादली, पाऊण किलोला थोडं कमी मीठ, एक मापाचं भांडं आणि शिवणाची सुई. तिसरी-चौथीच्या मुलांपुढे पृथ्वीवरच्या पाण्याचा हिशेब मांडायला एवढं सामान पुरतं. जगातलं सगळं पाणी भरतं सुमारे 138 कोटी 60 लाख घन किलोमीटर. हा आकडा शिक्षकाने स्वतःपाशीच ठेवावा. मुलांना सांगायचं ते इतकंच, की ते सगळं पाणी या बादलीत आहे असं समजा. त्यातलं अर्धा लिटर बाजूला काढायचं आणि उरलेल्यात मुलांच्याच हातांनी मीठ ओतायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साडेएकोणीस लिटरला जवळजवळ 680 ग्रॅम मीठ लागतं. ओतता ओतता मुलं विचारतात, "अजून किती?" मग बोट बुडवून चव घ्यायची. मराठवाड्यातल्या ज्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांची त्याच्याशी ही पहिली गाठ, तीही वाकड्या तोंडाने.

बाजूला काढलेलं अर्धा लिटर गोडं. त्यातलं साडेतीनशे मिलिलिटर बर्फाच्या नावावर जातं, बहुतेक अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या. दीडशेच्या आसपास जमिनीखालचं. गोड्या पाण्याची जगभरची सरोवरं मिळून पाव चमचा. आणि गंगा, गोदावरी, नाईल, ॲमेझॉन धरून सगळ्या नद्या? अर्ध्या थेंबाहून किंचित जास्त. अर्धा थेंब ड्रॉपरने पाडता येत नाही. सुईचं टोक पाण्यात बुडवून एकेकाच्या नखावर टेकवावं लागतं. मुलं नख डोळ्यांजवळ नेऊन बघतात आणि काही जण ते लगेच चाटून टाकतात.

या धर्तीचे खेळ जगभरच्या शाळांत नेण्यात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात 1984 साली सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट वेट'चा मोठा वाटा आहे. त्यांचाच एक फाशांचा खेळ मला जलचक्राच्या तक्त्यापेक्षा शंभर पटींनी बरा वाटतो. तक्त्यावर समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी आणि परत समुद्र, असं सगळं रहाटासारखं फिरत असतं. बाण पाठ झाले की पाच गुण. खेळात मात्र मैदानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात समुद्र, ढग, बर्फ, झाड, माती, भूजल अशी ठाणी असतात, प्रत्येक मूल पाण्याचा एक कण होतं आणि फासा सांगेल तिकडे जातं. समुद्राच्या फाशावर बऱ्याच बाजूंना 'थांब' लिहिलेलं असतं. तिथली मुलं पाच मिनिटांत कंटाळतात, "सर, आमचा नंबरच लागत नाही" म्हणून तक्रार करतात. शिकायचं ते नेमकं हेच. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येते, समुद्रातलं पाणी मात्र सरासरी तीन हजार वर्षं तिथेच असतं. आपल्याकडे हा खेळ घेताना 'विहीर' आणि 'ऊस' ही दोन ठाणी जरूर वाढवावीत.

वाफेबद्दल मुलांच्या मनात एक घट्ट समजूत असते: गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून येणारे थेंब आतूनच पाझरतात. 'नाही, ते हवेतलं बाष्प' असं सांगून ती जात नाही. स्टीलच्या पेल्यात लालभडक कोकम सरबत आणि बर्फ घाला, पेला आधी बाहेरून कोरडा पुसा, आणि थेंब जमल्यावर ते पांढऱ्या रुमालाने टिपा. रुमाल लाल होत नाही. थेंब गोडही लागत नाहीत. ढगाविषयी बोलायला यानंतर सुरुवात करावी.

वाळू-कोळशाचा फिल्टर प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असतोच, म्हणून त्याबद्दल एकच: गढूळ पाणी नितळ झालं की टाळ्या पडतात आणि मुलं ते पिण्याजोगं समजून घरी जातात. जंतू दिसत नाहीत, हे त्याच टेबलावर सांगायला हवं.

खरी गंमत जमिनीखाली आहे, आणि आपल्या शाळांत सगळ्यात दुर्लक्षित भागही तोच. खाली नद्या वाहतात, तळहातावरचा नारळ उभा राहिला तिथे झरा लागतो, असं मोठी माणसंही मानतात. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकाचा एक तुकडा आणि एक वीट किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायची, रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची आणि सकाळी पुसून परत तोलायची. वीट पाणी पिऊन चांगली जड झालेली असते. दगड जवळपास होता तेवढाच. मग आपल्या विहिरींना पाणी लागतं कुठून? याचं उत्तर खडीच्या बरणीत मिळतं. लिटरभर खडीने काठोकाठ भरलेल्या बरणीत आणखी चारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी सहज मावतं. दगड पाणी पीत नाही, पाणी फटींमध्ये राहतं. आपल्याकडे ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असतं. खालचा अखंड काळा पाषाण लागला की संपलं.

आता पारदर्शक टबात वाळू-खडीचा थर घ्या. एका कोपऱ्यात भोकं पाडलेला, कापड गुंडाळलेला पाइपचा तुकडा उभा करा, ही विहीर. जवळच हँडवॉशच्या बाटलीचा पंप खोचा, हा बोअर. झारीने पाऊस पाडा आणि विहिरीतल्या पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. एका मुलाने पंप दाबत राहायचं, दुसऱ्याने फक्त विहिरीकडे बघायचं. विहिरीला कुणी हातही लावत नाही, तरी तिची पातळी खुणेच्या खाली जाते. वर्गात ज्यांच्या घरी बोअर आहे आणि ज्यांच्या घरी नुसती विहीर, ती मुलं इथे एकमेकांकडे पाहतात. शिक्षकाने मध्ये पडू नये.

टबातला पाऊस झारीचा. खरा मोजायला सरळ भिंतीची बाटली वरून कापून, शंकूचा भाग उलटा बसवला की पर्जन्यमापक तयार. बूड खोलगट असतं, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करायची. हे विसरलं की पुढचे सगळे आकडे चुकतात. अंगणात खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे या चौकोनावर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर 50 मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पंचवीस पिंप. हे गणित पोरं स्वतः सोडवतात, कारण पिंप त्यांनी पाहिलेले असतात.

विहीरही मोजावी. कठडा असलेली, शिक्षक सोबत, आणि टोकाला वजन बांधलेली, फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेने दर महिन्याला मोजून फलकावर लिहायला हरकत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये मोठी माणसं हेच करत आली आहेत. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या या गावात पाऊस मोजला जातो, पाण्याचं अंदाजपत्रक मांडलं जातं आणि त्यावरून ग्रामसभा पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. चौथीच्या मुलांना त्यांच्याच बाटलीतला पावसाचा आकडा आणि विहिरीची दोरी देऊन विचारावं, यंदा गावात ऊस लावावा की ज्वारी? उत्तरं घरी पोचली की पालक शाळेत भांडायला येतील, तेव्हा त्यांच्याही पुढे तो टब ठेवावा.