वाळणे, जमणे आणि भाजणे
रूप आणि द्रव्य : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण मिश्रण आणि संयुग यांतला फरक पाहिला. मिश्रणात घटक आपापले गुण राखून एकत्र नांदतात आणि त्यांचे प्रमाण कसेही असू शकते. संयुगात प्रमाण ठरलेले असते आणि घटकांचे मूळ गुण उरत नाहीत. त्याच फरकाचा हात धरून आज पुढचा प्रश्न घ्यायचा आहे. एखादा बदल भौतिक की रासायनिक, हे ठरवायचे कशावरून? शालेय वयात या प्रश्नाचे एक सोपे उत्तर मनात रुजते आणि पुढे आयुष्यभर तसेच राहते. पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचे पुन्हा पाणी होते, म्हणून तो बदल भौतिक. कागद जळतो, राखेचा पुन्हा कागद होत नाही, म्हणून तो रासायनिक. दोन्ही उदाहरणे बरोबर आहेत, पण त्यांतले ‘म्हणून’ चुकीचे आहे. बदल उलटवता येतो का, हा एक प्रश्न. बदलानंतर पदार्थ तोच राहिला का, हा दुसरा. भौतिक आणि रासायनिक ही विभागणी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे वापरले की गफलत होते, आणि ही गफलत कागदावरच राहत नाही, व्यवहारातही उतरते. गणेशमूर्ती घडवण्याच्या कामात याचा स्वच्छ पुरावा मिळतो.

पेणसारख्या मूर्तिकारांच्या गावात शाडूच्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती शेजारी शेजारी घडत आल्या आहेत. दोन्हीकडे सुरुवात सारखीच दिसते: फिकट रंगाची भुकटी घ्यायची, तिच्यात पाणी मिसळायचे, साच्याने किंवा हाताने आकार द्यायचा आणि तो टणक होण्याची वाट पाहायची. नुसते पाहणारा म्हणेल की दोन्ही मूर्ती ‘वाळल्या’. तसे असेल तर दोघींची पाण्यातली गत सारखीच व्हायला हवी. प्रत्यक्षात शाडूची मूर्ती पाण्यात ठेवली की काही तासांत तिचा चिखल होऊ लागतो, आणि प्लास्टरची मूर्ती दिवसेंदिवस तशीच राहते. हा फरक भुकटी किती बारीक होती किंवा साचा कसा होता यावरून पडत नाही. आकार टणक होत असताना दोन्हीकडे पाण्याचे काय झाले, यावरून तो पडतो.

शाडू ही चिकणमाती आहे. तिचे कण अतिशय बारीक आणि पत्र्यासारखे चपटे असतात. पाणी या कणांच्या मधे शिरते आणि कण एकमेकांवरून सहज घसरू लागतात. मळलेल्या मातीला हवा तो आकार देता येतो तो यामुळे. हवेत ठेवल्यावर हे पाणी उडून जाते, कण जवळ येतात, एकमेकांना धरून राहतात आणि मूर्ती कडक होते. आक्रसल्यामुळे तिला कधी तडाही जातो. या सगळ्या घडामोडीत मातीचा कण आतून बदलत नाही आणि पाण्याचा रेणूही बदलत नाही. पाणी थोडे कमी घातले तर गोळा घट्ट होतो, जास्त घातले तर सैल होतो, पण अमुक मातीला अमुकच पाणी लागते असा नियम नाही. मिश्रणाची जी खूण आपण मागच्या वेळी पाहिली, तीच ही. म्हणून शाडूचे वाळणे हा भौतिक बदल आहे. तो उलटतो हेही खरे, पण तो भौतिक ठरतो तो माती मातीच राहिली म्हणून.

प्लास्टरची गोष्ट निराळी आहे. ही भुकटी जिप्सम या खनिजापासून करतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्याच्या प्रत्येक एककामागे स्फटिकात बसलेले पाण्याचे दोन रेणू. सुमारे दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी. तिच्यात पाणी कालवले की गेलेले पाणी ती परत घेते आणि पुन्हा जिप्सम बनते. हिशेब पक्का आहे: १४५ ग्रॅम भुकटी २७ ग्रॅम पाणी घेते आणि १७२ ग्रॅम जिप्सम तयार होते. कामात याहून बरेच जास्त पाणी घालावे लागते, नाहीतर मिश्रण साच्याच्या कानाकोपऱ्यांत जाणार नाही. हे वरचे पाणी पुढे काही दिवस हवेत उडत राहते आणि मूर्ती हलकी होत जाते. म्हणजे एकाच मूर्तीत दोन बदल होतात. आधी ठरलेल्या प्रमाणातले पाणी स्फटिकात बांधले जाते आणि प्लास्टर जमते. नंतर उरलेले पाणी वाळून जाते. पहिला बदल रासायनिक, दुसरा भौतिक. प्लास्टर वाळल्यामुळे कडक होते ही समजूत इथेच कोसळते, कारण ते पुरते ओले असतानाच, काही मिनिटांत जमते आणि जमताना हाताला गरम लागते. पोत्याला दमट हवा लागली तर भुकटी पोत्यातच पाणी घेऊ लागते आणि पुढे नीट जमत नाही. नुसत्या ओलीचा प्रश्न असता तर ते पोते उन्हात टाकून काम भागले असते.

हा हिशेब लावण्याचा मान आंत्वान लव्हाझिए यांच्याकडे जातो. पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या आणि शहरातल्या इमारतींना तिथले प्लास्टर वापरले जाई. १७६५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लव्हाझिए यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरचा निबंध मांडला. जिप्सम तापवल्यावर पाणी बाहेर पडते आणि प्लास्टर जमताना तेच पाणी परत घेते, हे त्यांनी वजने करून दाखवले. जमलेले प्लास्टर इतके घट्ट का होते, याचे उत्तर पुढे १८८० च्या दशकात हेन्री ल शातेलिए यांनी दिले. भुकटी आधी पाण्यात थोडीथोडी विरघळते, त्या द्रावणातून जिप्समचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. शाडूत जुनेच कण एकमेकांना चिकटतात. प्लास्टरमध्ये जुने कण संपतात आणि नवे स्फटिक जन्माला येतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जिप्सममध्ये गेलेले पाणी पाणीच आहे, त्याचा रेणू फुटलेला नाही आणि तापवले की ते पुन्हा पाणी म्हणूनच बाहेर येते. मग याला रासायनिक बदल का म्हणायचे? उत्तर असे की रेणू फुटणे ही रासायनिक बदलाची एक तऱ्हा आहे, एकमेव अट नव्हे. जिप्समच्या स्फटिकात पाण्याच्या रेणूंच्या जागा ठरलेल्या आहेत. ऑक्सिजनच्या बाजूने ते कॅल्शियमशी बांधलेले आहेत. प्रमाण ठरलेले आहे आणि ते कारागिराच्या मर्जीने बदलत नाही. संयुगांतील घटकांचे प्रमाण निश्चित असते, हा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस जोझेफ प्रूस्त यांनी मांडला आणि क्लोद बर्तोले यांच्याशी दीर्घ वाद होऊनही तो टिकला. त्या कसोटीवर शाडूतले पाणी आणि जिप्सममधले पाणी यांत स्पष्ट भेद पडतो. शिवाय हे पाणी नेहमीच्या उन्हाने जात नाही, त्याला भट्टीची आच लागते. ते गेल्यावर उरलेल्या भुकटीचे गुणही जिप्समचे नसतात: जिप्समची पूड पाण्यात कालवली तर ती जमत नाही, प्लास्टरची जमते. गुण बदलले, रचना बदलली, प्रमाण ठरलेले आहे. पदार्थ वेगळा आहे म्हणण्यासाठी याहून अधिक काही मागता येणार नाही.

आता तिसरी बाब पाहू. शाडूसारखीच माती कुंभार घडवतो, वाळवतो आणि मग भट्टीत घालतो. वाळणे इथेही भौतिकच आहे. मात्र पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मातीच्या खनिजात वेगळी घडामोड सुरू होते. केओलिन या मातीच्या खनिजात पाणी पाणी म्हणून नसते. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या त्याच्या रचनेतच गुंफलेल्या असतात. त्या तुटतात, त्यांतून पाणी तयार होऊन वाफेच्या रूपाने निघून जाते आणि शुद्ध केओलिनचे वजन जवळजवळ १४ टक्क्यांनी घटते. उरतो तो निराळा पदार्थ. तो पाण्यात कितीही भिजवला तरी मळता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे इथे आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मिळालेली ताम्रपाषाण काळातली खापरे तीन हजार वर्षांचे पावसाळे सोसून आजही हातात घेता येतात. त्या काळातल्या न भाजलेल्या मातीला हे भाग्य सहसा लाभत नाही.

आता तिन्ही बाबी शेजारी ठेवू. शाडूचे वाळणे भौतिक आहे आणि उलटते. मडक्याचे भाजणे रासायनिक आहे आणि उलटत नाही. इथवर जुनी समजूत टिकते. पण प्लास्टरचे जमणे रासायनिक असूनही उलटते; जुनी मूर्ती कुटून पुन्हा तापवली तर तत्त्वतः प्लास्टर परत मिळते. हा एकटा अपवाद नाही. चुनखडी सुमारे नऊशे अंशांवर भाजली की १०० ग्रॅममागे ५६ ग्रॅम कळीचा चुना राहतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. चुना पाण्यात विरतो, भिंतीवर लागतो, हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच्या द्रव्यात रूपांतरित होतो. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केलेली शिसे-आम्लाची बॅटरी आजही घरोघरीच्या इन्व्हर्टरला जोडलेली असते. वीज देताना तिच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि चार्ज करताना ते मोडते. हे सारे रासायनिक बदल आहेत आणि उलटतात. उलट बाजूही पाहावी. ज्वारी दळली की पिठाचे दाणे होत नाहीत, काच फुटली की जोडून पूर्ववत होत नाही. तरी दळताना धान्यातला स्टार्च स्टार्चच राहतो आणि फुटताना काच काचच राहते. उलटण्याची कसोटी दोन्ही बाजूंनी फसते.

मग वरून दिसणाऱ्या खुणांवर विसंबावे का? उष्णता निघणे, बुडबुडे येणे, रंग बदलणे या खुणांचा उपयोग आहे, पण त्या इशारे आहेत, निवाडा नव्हे. पाणी उकळताना बुडबुडे येतात, द्रव्य तेच राहते. लोखंड तापून लाल होते आणि निवल्यावर पूर्ववत दिसते. युरिया पाण्यात टाकला की बादली गार पडते, तरी पाणी आटवल्यावर युरिया परत हाती येतो. निवाडा करायचा तर तीन प्रश्न विचारावे लागतात: बदलानंतर हाती असलेल्या पदार्थाचे ठरलेले गुण, म्हणजे वितळणबिंदू, घनता, विद्राव्यता, तेच आहेत का, त्याची घटकरचना तीच आहे का, आणि त्यात भाग घेणाऱ्या द्रव्यांचे वजन ठरलेल्या प्रमाणात आहे का. या प्रश्नांना डोळे पुरत नाहीत, तराजू आणि विश्लेषण लागते.

याहून अवघड आक्षेप मिठाचा आहे. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा सोडियम आणि क्लोराइड हे त्याचे आयन सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. स्फटिकातले बंध तुटले, नवे जुळले. मग हा भौतिक बदल कसा? बर्तोले तर द्रावणांनाही रासायनिक संयोगच मानत असत. इथे प्रामाणिक उत्तर असे की सीमारेषेवर काही बदल खरोखरच दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे असतात. मिठाचे प्रमाण एका मर्यादेपर्यंत कितीही घेता येते आणि मिठागरात पाणी उडाल्यावर तेच मीठ उरते, म्हणून बहुतेक पुस्तके तो बदल भौतिक मानतात; कणांच्या पातळीवर पाहणारा रसायनतज्ज्ञ त्याला आक्षेप घेऊ शकतो. पण सीमेवर धूसरपणा आहे म्हणून दोन प्रदेशच नाहीत असे होत नाही. शाडूचे वाळणे आणि मडक्याचे भाजणे यांत कोणालाही संदेह वाटत नाही, आणि निसर्गाला विचारण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच राहतो: पदार्थ तोच आहे का?

हा प्रश्न नीट विचारल्याचा लाभ व्यवहारात दिसतो. जिप्सम पाण्यात अगदीच थोडे विरघळते, लिटरला साधारण दोन ते अडीच ग्रॅम. पाच किलोची मूर्ती शंभर लिटर पाण्यात कितीही दिवस ठेवली तरी फार तर पाव किलो विरघळेल. आपण तिला शाडूच्या मूर्तीसारखी मानून विसर्जन केले तर तळे ती परत मातीत मिळवू शकत नाही, कारण ती कधी माती नव्हतीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या अडचणीवर काढलेला मार्ग म्हणूनच रासायनिक आहे. मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवली की कॅल्शियम सल्फेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते, ते गुंतलेल्या सुयांसारखे न राहता भुकटी होऊन तळाशी बसते, आणि द्रावणात खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट राहते. ठरलेल्या प्रमाणात बांधले गेलेले द्रव्य सोडवायला ठरलेल्या प्रमाणात दुसरे द्रव्य द्यावे लागले. नुसते भिजवणे, ढवळणे, वाट पाहणे पुरले नाही. तळ्याचे पाणी, घराची भिंत, शेतातले खत यांविषयी निर्णय घेताना समाजाला हा फरक कळणे गरजेचे आहे, आणि तो शाळेतच ‘परत येते का’ या सोप्या प्रश्नाऐवजी ‘काय झाले’ या खऱ्या प्रश्नाने शिकवायला हवा. प्लास्टर जमताना गरम का होते आणि युरिया विरघळताना बादली गार का पडते, ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठे, हा हिशेब पुढच्या लेखांकात मांडू.