पॅनल दहाच हवीत

घरी बनवलेला प्रीॲम्प्लिफायर आवाजात कितीही चोख असला, तरी समोरच्या माणसाला आधी दिसतो तो पुढचा पत्रा, म्हणजे पॅनल. सर्किट एकट्याला टेबलाशी बसून पूर्ण करता येते. सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पॅनलचे तसे नाही. कापणारा, भोके पाडणारा, ॲनोडायझिंगवाला आणि छपाईवाला अशा चार हातांतून ते जाते, आणि या चौघांचाही धंदा मोठ्या लॉटवर चालतो. एकच नग हवा असेल तर ड्रिल आणि कानस घेऊन घरी होतो. हजार हवे असतील तर कारखाने आनंदाने कोटेशन देतात. अडते ते दहा-वीस नगांना.

कारण सरळ आहे. स्क्रीन प्रिंटिंगसाठी फिल्म काढायची, जाळीवर इमल्शन चढवून ते एक्स्पोज करायचे, शाई कालवायची, पहिला जॉब जागेवर बसवायचा आणि शेवटी जाळी धुवायची. ही मेहनत दहा पॅनलांना जितकी, तितकीच पाचशेंना. म्हणून दहा नगांचे काम घेऊन जाणाऱ्याने घासाघीस करण्याऐवजी कारागिराची तयारी कमी कशी होईल ते पाहावे. एका रंगातच छापावे, दोन आकारांची पॅनल असतील तर दोन्ही एकाच फिल्मवर बसवावीत, आणि ड्रॉइंग असे द्यावे की त्याला फोन करून काही विचारावेच लागू नये.

ड्रॉइंगची सुरुवात हातातल्या वस्तूंपासून करावी. रॅकचे पॅनल 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर रुंद असते. उंचीचे एकक 44.45 मिलिमीटर, पण प्रत्यक्ष पत्रा त्याहून जेमतेम पाऊण मिलिमीटर कमी ठेवतात, नाहीतर वरखालची उपकरणे एकमेकांना घासतात. पाव इंची जॅकला साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास भोक लागते, एक्सएलआरच्या मोठ्या सॉकेटला 24 मिलिमीटरचे. पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे पॉटच्या, बुशजवळ एक छोटी जीभ असते. तिच्यासाठी वेगळे भोक ठेवले नाही, तर नॉबबरोबर अख्खा पॉट फिरतो. तीन मिलिमीटर जाड पॅनल हाताला भरीव लागते खरे, पण आखूड बुशच्या पॉटला त्यातून नट पकडायला आटेच उरत नाहीत. तेव्हा कॅलिपर आधी, संगणक नंतर. ड्रॉइंग झाले की ते मूळ मापात कागदावर छापून प्रत्येक भाग त्यावर ठेवून पाहावा. प्रिंटर पान बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो, म्हणून कागदावर 100 मिलिमीटरची एक रेघ काढून ती पट्टीने मोजावी.

कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी कापणे आणि भोके, मग कडांवरची धारदार बर काढणे, मग ॲनोडायझिंग, सर्वांत शेवटी अक्षरे. ॲनोडायझिंग झाल्यावर भोक पाडले तर त्याच्या कडेला उघडे ॲल्युमिनियम चमकते आणि ते लपवता येत नाही.

या सगळ्यात ॲनोडायझिंग मला सर्वांत सुंदर वाटते. हा रंगाचा लेप नाही. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत वीज सोडली की ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड बनते. त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. ती रंग शोषून घेतात आणि मग गरम पाण्यात त्यांची तोंडे मिटतात. म्हणून तो रंग सोलून निघत नाही. टाकीत पॅनल जिथे चिमट्याने धरलेले असते तिथे वीज जाते, पण रंग चढत नाही. ती जागा आपणच दाखवून द्यावी, मागच्या बाजूची किंवा नॉबखाली झाकली जाणारी. पोलादी स्टड आधीच ठोकलेले असतील तर ॲसिड त्यांना खाते. आणि सगळी पॅनल एकाच वेळी द्यावीत, कारण पुढच्या खेपेला तीच निळी छटा येईल याची खात्री कुणी देत नाही. काळा रंग त्यातल्या त्यात भरवशाचा.

काळ्याची बाजू मी आणखी एका कारणासाठी घेतो. काळ्या ॲनोडायझिंगवर फायबर लेझर फिरवला की रंग उडून फिकट राखाडी अक्षर उमटते. ना फिल्म, ना शाई, आणि नखाने खरवडूनही ते जात नाही. नेमप्लेट करणाऱ्यांकडे ही यंत्रे आता सर्रास असतात. दहा नगांसाठी याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

परदेशात या अडचणीवर धंदे उभे राहिले आहेत. बर्लिनची शेफर आणि सिएटलची फ्रंट पॅनल एक्स्प्रेस ग्राहकाला आरेखनाचे सॉफ्टवेअर फुकट देतात. पडद्यावर भोके आखतानाच किंमत कळते आणि एक नगसुद्धा घेतला जातो. अक्षरे कोरून त्यांत रंग भरतात. काम देखणे होते, पण महाग पडते.

स्वस्त वाट सिंथेसायझरवाल्यांनी रुळवली. जर्मनीच्या डिएटर डोएप्फर यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मापपद्धतीतले पॅनल 128.5 मिलिमीटर उंच आणि बहुधा अरुंद असते. तेवढ्या आकाराला सर्किट बोर्डाचाच 1.6 मिलिमीटरचा पत्रा पुरतो. सोल्डर मास्क हा त्याचा रंग, पांढरी छपाई ही अक्षरे, आणि मागचे तांबे अर्थला जोडले की शील्डिंग. बोर्ड बनवणारे पाच-दहा नगांची ऑर्डर सहज घेतात. मात्र रॅकच्या पूर्ण रुंदीला हा पत्रा लवतो, तिथे ॲल्युमिनियमच हवे.

आपल्या लिपीत नावे घालायची हौस जरूर करावी. वेलांट्या, उकार आणि अनुस्वार यांना जागा लागते, त्यामुळे रोमन कॅपिटल अक्षरांच्या मापात देवनागरी कोंबली की रफार पुसट होतो. अक्षर मोठे आणि जाड रेघेचे घ्यावे, आणि फाइल देण्याआधी मजकुराचे बाह्यरेषांत रूपांतर करावे, नाहीतर समोरच्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात.

पॅनल पेटीवर चढवताना एक काम राहते आणि ते जिवाशी निगडित आहे. ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. म्हणजे पेटी अर्थ केलेली असूनही पुढचा पत्रा त्यापासून तुटलेला राहू शकतो. नुसती गुणगुण आली तर ती ऐकू तरी येते, पण मेन्सची तार सुटून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही. स्क्रूखालची जागा मागच्या बाजूने धातू दिसेपर्यंत खरवडावी, दातेरी वॉशर घालावा, आणि प्लगच्या अर्थ पिनेपासून पॅनलपर्यंत मल्टिमीटर लावून शून्याच्या आसपास वाचन येते का ते प्रत्येक नगावर पाहावे.