पोटातलं घरचं बियाणं

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

आमच्या फैजपुरात लग्नसराईत मेडिकलवर उभे राहा, एक वाक्य हमखास ऐकू येईल. "भो, जुलाबाचं काही दे ना." आणि बऱ्याचदा हातात पडते एक जोडी, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. खरं तर ही दोन्ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायचीच नसतात.

आता हीच जोडी लक्षात ठेवा.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. आपल्याला न पचलेला कोंडा, तंतू, कच्च्या केळातला स्टार्च हे त्यांचं जेवण. त्याच्या बदल्यात ते आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि बाहेरच्या जंतूला जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिकला यातला आपला कोण, परका कोण ते कळत नाही. शेतात सरसकट तणनाशक मारल्यासारखं होतं. आणि रिकाम्या शेतात आधी काय उगवतं? काँग्रेस गवत! पोटातलं काँग्रेस गवत म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू. दवाखान्यात बरेच दिवस अँटिबायोटिक घेतलेल्यांना तो गाठतो आणि जुलाबाने अक्षरशः जेरीस आणतो.

त्याच्यावरचा उपाय ऐकून नाक मुरडाल. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, पाण्यात कालवून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. नेदरलँड्समधल्या चाचणीचे निकाल २०१३ साली आले. हा आजार पुन्हा पुन्हा होणाऱ्या १६ जणांना असं द्रावण दिलं, त्यातले १३ पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसतं व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ पैकी फक्त ४. म्हणजे एखादं रोप लावून भागलं नाही, चांगल्या शेतातली मातीच आणून टाकावी लागली. पण घरी असले प्रयोग अजिबात नकोत. २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूमुळे एक रुग्ण दगावला.

मग लोक म्हणतात, गोळ्यांसोबत प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली की झालं! इथेच आपली ती जोडी परत येते. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१ निरोगी माणसांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं. नंतर ७ जणांना तसंच सोडलं, ८ जणांना प्रोबायोटिक दिलं आणि ६ जणांना औषधाआधी काढून ठेवलेली त्यांचीच विष्ठा परत दिली. स्वतःचं परत मिळालेल्यांचे जंतू काही दिवसांतच पूर्ववत झाले. काहीच न घेतलेल्यांना साधारण तीन आठवडे लागले. सगळ्यात मागे राहिले कॅप्सूलवाले, पाच महिन्यांनीही त्यांची घडी पुरती बसली नव्हती. विकतचे जंतू आत ठाण मांडून बसले आणि घरच्यांना परतायला उशीर झाला.

प्रयोग लहान आहे, मान्य. सगळ्याच कॅप्सूल वाईट, असं काही यातून निघत नाही. पण 'घेतली तर नुकसान काय?' हे वाक्य मला आता सहज म्हणवत नाही.

आणि प्रत्येकाचं बियाणं वेगळं असतं बरं का. पुण्यातल्या संशोधकांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जंतू तपासले. छत एकच, तरी वयानुसार जंतूंचं प्रमाण वेगवेगळं निघालं. मग एकच डबी सगळ्यांना कशी चालेल?

आता मेडिकलवर काय मागायचं? ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, अंदाजपंचे नाही. बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा लहान मूल मलूल पडलं असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा. त्यांनी तपासून अँटिबायोटिक दिलं तर सांगितलं तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या चुलतभावाला देऊ नका. आणि पाकिटावर ती उभी लाल रेघ दिसते ना? ती डिझाईन नाही. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सांगणारी खूण आहे.