फेजमधला अर्धा रोजा

रबातहून फेजला जाणारी गाडी त्या शुक्रवारी खच्चून भरली होती. ५ एप्रिल २०२४, पंचविसावा रोजा. दुसऱ्या दिवशीची रात्र सत्ताविसावी, त्यात शनिवार-रविवारची सुट्टी जोडून आलेली. त्यामुळे अख्खं मोरोक्को आपापल्या आईच्या घरी निघालं होतं. कोणाच्या हातात मिठाईचे डबे, तर कोणाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीतला लहान मुलीचा जरीचा काफ्तान. मुंबईहून ईदसाठी कोकणात निघालेल्या गाडीची आठवण झाली. फक्त इथे कोणी काही खात नव्हतं, एवढाच फरक.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत अरबी शिकवते. सहा आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमासाठी रबातला गेले, तेव्हा मधे अख्खा रमजान येणार हे ठाऊक होतं. सात वर्षांच्या लेकीला अम्मीकडे ठेवलं. निघताना ती म्हणाली, "या वर्षी माझी रोजाकुशाई आहे. तू नसलीस तरी मी रोजा ठेवणार." सव्विसावा रोजा ठरला. हॉल ठरला, साठ माणसांचं आमंत्रण गेलं, हार सांगून झाले. मी मात्र साडेपाच तास मागे असलेल्या घड्याळाच्या देशात.

रबातमधल्या आमच्या उस्ताजांनी बहुधा माझा चेहरा वाचला. "सुट्टीत खोलीवर बसून काय करणार? माझ्या आईकडे चल," म्हणाल्या. त्यांचं माहेर फेजच्या जुन्या शहरात.

या शहरात मोटारी शिरत नाहीत. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. मागून हाकारा येतो, "बालक! बालक!" मी दोनदा वळून मूल शोधलं. उस्ताजा हसू लागल्या. त्यांच्या बोलीत बालक म्हणजे 'बाजूला हो'.

घर बाहेरून अगदी साधं, खिडकीही धड नाही. आत मात्र चौक, चौकात नक्षीच्या फरशा आणि कोपऱ्यात पितळी नळ. उस्ताजांच्या आईंना मी काय म्हणावं असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खालती." म्हणजे माझी खाला. एवढ्या दूर जाऊन नातं मिळालं तेही ओळखीच्याच नावाचं. घरात उस्ताजांचा भाऊ, भावजय आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. भाऊ चामड्याच्या बाबूश चपला शिवतो. मुलगी दारातच मला म्हणाली, "उद्या आना सायमा." उद्या माझा रोजा आहे.

तिचाही पहिलाच. आणि तोही सव्विसावा.

त्या वर्षी रमजान दोन्हीकडे एकाच दिवशी, १२ मार्चला सुरू झाला होता. मोरोक्कोत सौदीच्या घोषणेवर महिना ठरत नाही. ते आपल्याच आकाशात डोळ्यांनी चंद्र पाहतात. त्यामुळे पुष्कळदा त्यांची तारीख आपल्याशी जुळते. माझी लेक आणि ही मुलगी, दोघी एकाच रोजाला बसणार होत्या.

असरनंतर खालतींनी मला स्वयंपाकघरात घेतलं. मोरोक्कोचा इफ्तार हरीराशिवाय होत नाही. आपण खिमट किंवा हलीम म्हणू तसा तो नाही. हे आंबटसर, दाटसर सूप आहे. टोमॅटो, मसूर, रात्री भिजवलेले चणे, थोडं मटण, भरपूर कोथिंबीर आणि सेलरी नावाचा उग्र वासाचा पाला. सगळं शिजलं की शेवटी पाण्यात कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. हात थांबला की गुठळी. खालती ढवळता ढवळता ओठांतल्या ओठांत दरूद पढत होत्या. भिजल्या चण्यांची सालं काढायचं काम मला दिलं. आपल्याकडे कोणी चण्याची सालं काढत बसत नाही, पण फेजच्या बायकांना साल दिसलेलं खपत नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी. असर ते मगरिब बायका चुलीपाशी आणि पुरुष घड्याळापाशी. उस्ताजा भावाला म्हणाल्याही, "तू निदान खजूर तरी मांड." त्यानं मांडले. तेवढंच.

पावणेसातच्या सुमारास कुठेतरी भोंगा वाजला, त्यापाठोपाठ अजान. खजूर, दूध, हरीराचे वाडगे, मीठ-जिऱ्याबरोबर उकडलेली अंडी, मधात बुडवलेली तिळाची शबाकिया. शिवाय सल्लू, म्हणजे भाजलेलं पीठ, बदाम आणि तीळ तुपात मळून केलेला पदार्थ. मी चाखून पाहिला आणि क्षणभर अम्मीच्या हातच्या पिठाच्या लाडवाची चव जिभेवर आली.

नमाजेत मात्र फरक जाणवतो. आम्ही कोकणातले शाफई. तिथे सगळे मालिकी. खालती हात न बांधता, सरळ सोडून उभ्या राहिल्या. इमामांनी 'बिस्मिल्लाह' मोठ्यानं म्हटली नाही. फातिहात 'मालिकि' ऐवजी 'मलिकि' ऐकलं आणि मी दचकले. मग आठवलं, ही वर्शची किरात, शाळेत आपण जिचं फक्त नाव शिकवतो. फजरला कुनूत होता, आमच्यासारखाच. मात्र आम्ही तो रुकूनंतर मोठ्यानं पढतो, ते रुकूच्या आधी मनातल्या मनात. मी सवयीनं रुकूनंतर हात उचलले. बाजूची मुलगी टक लावून पाहत राहिली.

त्याआधी सहरीला जाग आली ती एका लांब तुतारीच्या आवाजानं. जुन्या शहरात अजून नफ्फार फिरतो. आमच्या मोहल्ल्यात लहानपणी डफ वाजवत सहरीवाले यायचे. आता मोबाइलचा गजर असतो. मुलगी एका हाकेत उठली. दूध, अंडं, लोणी-मध लावलेली मसेमन म्हणजे घडीची पोळी, सगळं शहाण्यासारखं खाल्लं. आजीनं नियत सांगितली, ती तिनं म्हटली.

शनिवारचे सकाळचे तास ती उड्या मारत होती. शेजारणी येऊन गालावर चिमटे काढून जात होत्या. सत्ताविसाव्या रात्री मोरोक्कोत लहान मुलांचं फार कौतुक असतं. मुलींना काफ्तान आणि मेंदी, मुलांना जबादूर आणि लाल टोपी. रोजा ठेवलेल्या मुलीला नवरीसारखं सजवून अम्मारियावर बसवतात. अम्मारिया म्हणजे लग्नातली सजवलेली पालखी. फोटोवाले रस्त्याच्या कडेला त्या मांडून बसलेले असतात. हिचा काफ्तान भाड्याचा होता, हिरवा, जरा लांब. खालती सुई-दोरा घेऊन त्याची दुमड घालत बसल्या होत्या.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मी गच्चीत गेले. रायगडात तेव्हा मगरिब होत होती. फोनच्या पडद्यावर हॉल, माणसं, गजरे, आणि मधे खुर्चीवर माझी लेक, मोगऱ्याच्या हारांत बुडालेली. नानीनं तिच्या तोंडात खजूर घातला. सगळ्यांनी "माशाअल्लाह" म्हटलं. मी हाक मारली. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि मान वळवली. अम्मी म्हणाल्या, "थकलीय गं." मला माहीत होतं, ती थकलेली नव्हती. रागावली होती.

डोळे पुसून खाली उतरले तर चौकात कोणी नव्हतं. फक्त ती मुलगी नळापाशी वाकलेली. ओंजळीनं पाणी पीत होती, घाईघाईनं, दोन-तीन घोट. सरळ झाली तेव्हा मी तिला दिसले. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आता मी काय करायचं? पाहुणी बाई. सांगावं तर मुलीची फजिती, न सांगावं तर संध्याकाळी सगळं घर तिला खोट्या रोजाची मुबारकबाद देणार आणि मी त्यात टाळ्या वाजवणार. शरीअतीनं म्हणाल तर प्रश्नच नाही; बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही. सही बुखारीत रुबय्यिअ बिंत मुअव्विज रजियल्लाहु अन्हा यांची हदीस आहे. सहाबांच्या घरातली मुलं आशूराच्या रोजात खायला मागून रडू लागली की त्यांच्या हातात लोकरीचं खेळणं देत, इफ्तारपर्यंत मन रमावं म्हणून. रडणाऱ्या मुलाच्या हातात खेळणं द्यायचं, हा तो मार्ग. साठ माणसं, हार आणि कॅमेरा आपण मधे आणले. सात-आठ वर्षांचं मूल तहानलं, तर त्याला तहान लागली असं म्हणता येऊ नये, अशी सोय आपणच करून ठेवतो. माझ्या लेकीच्या हॉलचे पैसे मीच पाठवले होते, म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे.

मी काहीच बोलले नाही. चणे सोलत बसले.

पाचच्या सुमारास मेंदी सुकली. काफ्तान अंगावर चढवताना मुलीला एकदम रडू फुटलं. आईला वाटलं, टाचणी लागली. मग तिनं हुंदके देत सांगितलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनं पाहिलं होतं." माझे कान गरम झाले. भावजय चिडली. फोटोवाल्याला सांगून ठेवलंय, शेजारी काय म्हणतील, रोजा नाही तर अम्मारिया कशाला! उस्ताजा मधे पडल्या. दोघींची दारिजा बोली इतकी वेगात सुरू झाली की मला त्यातले निम्मेच शब्द कळले.

खालतींनी मान वर केली नाही. त्यांनी सुईत हिरवा दोरा ओवला, नातीला समोर बसवलं आणि विचारलं, "पाणी कधी प्यालीस?"

"जुहरनंतर."

"म्हणजे सकाळचा अर्धा झाला. उद्या जुहरपासून मगरिबपर्यंत दुसरा अर्धा ठेव. मी दोन्ही शिवून देते." आणि काफ्तानच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा एक टाका त्यांनी घातला. "हा आजचा. उद्याचा उद्या."

उस्ताजांनी मला नंतर सांगितलं, हे फक्त त्यांच्या घरचं नाही. मोरोक्कोत लहानग्यांचे अर्धे-अर्धे रोजे असेच 'शिवतात'. माझी नानीसुद्धा दुपारपर्यंतच्या उपाशीपणाला 'अर्धा रोजा' म्हणून शाबासकी द्यायची, पण दोन अर्धे जोडायची कल्पना तिला सुचली नव्हती.

"आणि फोटो?" भावजयीनं विचारलं.

"काफ्तान आज रात्री परत द्यायचा आहे," खालती म्हणाल्या. "फोटो आजच."

मुलगी अम्मारियावर बसली, डोळे सुजलेले, तरी छान दिसत होती. गल्लीभर जावीचा धूर होता. आपल्या ऊद-लोबानचाच वास. रात्री बायका आम्हाला करवीयीनमध्ये घेऊन गेल्या. ही मशीद इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईनं उभारली अशी परंपरा सांगते. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नसल्यानं पर्यटक दारातूनच डोकावून जातात. त्या रात्री बायकांच्या बाजूलाही पाय ठेवायला जागा नव्हती. दुआत इमामांनी गाझाचं नाव घेतलं, मागच्या सप्टेंबरच्या भूकंपात गेलेल्यांचं घेतलं. खालती रडत होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती, मेंदीचे हात उघडे टाकून. मी माझ्या लेकीसाठी काय मागितलं ते लिहीत नाही.

रविवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा मुलीचा दुसरा अर्धा सुरू झाला होता. ती नळापासून लांब, जिन्यावर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किती तास राहिले ते विचारत होती. खालतींनी मला सल्लूचा डबा दिला. "तुझ्या मुलीला," म्हणाल्या.

रबातला पोहोचून रोजा सोडला, तोवर उस्ताजांच्या फोनवर फोटो आला होता. साधा फ्रॉक, हातात दुधाचा पेला, आणि शेजारी आजी, सुई वर धरून.

सोमवारी सहरी आटोपून मी घरी फोन केला. लेक शाळेला निघत होती, अजून तुटकच बोलत होती. मी तिला फेजच्या मुलीची गोष्ट सांगितली, नळापासून टाक्यापर्यंत. पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

"धागा कोणत्या रंगाचा होता?"

"हिरवा."

"अम्मी, वुजू करताना मीपण पाणी प्याले. एक घोट. मुद्दाम." मग घाईनं, "हॉलमध्ये सगळे होते ना, म्हणून नाही सांगितलं."

मी तिला म्हटलं, नानीकडे शिवणाची पेटी आहे, त्यात हिरवा धागा आहे का बघ. ती फोन तसाच टाकून पळाली. अम्मी विचारत राहिल्या, "काय शोधतेय ही? शाळेला उशीर होतोय."