वनौषधींचा सुरक्षित वापर : ‘मुफरदात’ची नोंद कशी वाचावी?

ओवा, ज्येष्ठमध, सोनामुखी, इसबगोल, कलौंजी, दालचिनी, गुळवेल ही औषधे आपल्या बहुतेक घरांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय येतात आणि चिठ्ठीशिवायच घेतली जातात. खोकला, अपचन, मलावरोध, झोप न येणे अशा किरकोळ तक्रारींवर त्यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि तो व्हावा यात गैर काही नाही. मात्र या वापरामागे एक समजूत घट्ट बसलेली आहे. ती अशी की, झाडपाल्याचा गुण आला तर आला, अपाय मात्र कधी होत नाही. ही समजूत आधुनिक डॉक्टरांना मान्य नाही हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती युनानी तिब्बलाही मान्य नाही, याकडे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, वैद्य किंवा हकीम नव्हे. म्हणून या लेखात कोणताही उपचार सांगितलेला नाही. जुन्या ग्रंथांतील औषधाची नोंद पूर्ण कशी वाचावी, एवढाच विषय येथे मांडला आहे.

नोंदीची रचना

युनानी वैद्यकात एकेरी औषधाला ‘मुफरद’ आणि अनेक औषधांच्या मिश्रणाला ‘मुरक्कब’ म्हणतात. मुफरदांची माहिती देणाऱ्या ग्रंथांना मुफरदात असे नाव आहे. रामपूरच्या हकीम नज्मुल गनी खान यांचा ‘खजाइनुल अदविया’ हा उर्दूतील असाच विस्तृत ग्रंथ होय. अशा ग्रंथांत प्रत्येक औषधाची नोंद साधारणपणे ठरलेल्या क्रमाने येते. प्रथम निरनिराळ्या भाषांतील नावे, मग वस्तूचे वर्णन म्हणजे माहियत, नंतर मिजाज, गुणकर्म, ‘मुजिर’ म्हणजे ते कोणाला किंवा कोणत्या अवयवाला अपायकारक आहे, ‘मुस्लेह’ म्हणजे तो अपाय कमी करणारी वस्तू, ‘बदल’ म्हणजे पर्यायी औषध आणि शेवटी ‘मिकदारे-खुराक’, म्हणजेच मात्रा.

या क्रमात मुजिर हा स्वतंत्र रकाना आहे, ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. औषध आहे म्हणजे त्याचा काही अपाय असणारच, हे गृहीत धरूनच ती नोंद लिहिलेली असते. मिजाजाचे चार दर्जेही याच विचारातून आले आहेत. चौथ्या दर्जाची वस्तू ही विषसमान मानली जाते. दिनदर्शिकांच्या मागील पानांवर, हस्तपत्रकांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र या नोंदीतील केवळ गुणकर्माची ओळ उतरवली जाते. नाव, मुजिर आणि मात्रा मागेच राहतात. घरगुती वापरातील बहुतेक धोके या गळलेल्या ओळींतून निर्माण होतात.

पहिली ओळ : नाव

आपल्यासारख्या सीमाभागातील वाचकांसाठी नावाची ओळ सर्वांत अवघड आहे. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी, गुजराती किंवा तेलुगू अशी आपली स्थिती असते. कलौंजीचेच उदाहरण घ्या. अरबीत तिला ‘हब्बतुस्सौदा’ आणि तिब्बी ग्रंथांत ‘शोनीज’ म्हणतात. हदीसमधील उल्लेखामुळे तिला आपल्या घरांत आदराचे स्थान आहे. हैदराबादेत तेलुगू दुकानदार तिला ‘नल्ल जीलकर्र’, अर्थात काळे जिरे, म्हणतो. मराठीत ‘काळे जिरे’ म्हटले की बहुधा शहाजिरे हातात पडते. वडोदऱ्यात ‘काळी जीरी’ मागितली तर कडू जिरे मिळते. याचा अर्थ, शब्दशः एकच नाव घेऊन तीन शहरांत तीन वेगळी बियाणी घरी येतात. शिवाय कलौंजी म्हणजे कांद्याचे बी हा गैरसमज सर्वत्र आहेच.

येथे चूक झाली तर बहुधा चवच बिघडेल. पण ओव्याच्या बाबतीत तसे नाही. ओवा म्हणजे अजवाइन, तिब्बी भाषेत ‘नानख्वाह’. ‘खुरासणी’ हे मराठीत कारळ्याचे नाव असून त्याची चटणी आपण खातो. परंतु ‘खुरासानी ओवा’ ही यांहून संपूर्ण वेगळी, धोत्र्याच्या कुळातील वनस्पती आहे. तिचे अरबी नाव ‘बजरुल बंज’. तिच्या बियांत हायोसायमीन व स्कोपोलामीन ही तीव्र द्रव्ये असतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते आणि भ्रम होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये युनानीतील विषारी द्रव्यांत बजरुल बंजचा समावेश आहे. अशी द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. दोन निरुपद्रवी शब्द एकत्र आले आणि विष तयार झाले, असे हे उदाहरण आहे.

नावाचा हा प्रश्न नवा नाही. अल्-बेरूनीने आपल्या ‘किताबुस्सैदना’ या औषधग्रंथात एकेका द्रव्याची अनेक भाषांतील नावे नोंदवली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथातही येथील द्रव्यांची अरबी आणि निरनिराळ्या देशी भाषांतील नावे दिली आहेत. नाव निश्चित झाल्याशिवाय औषध निश्चित होत नाही, हे या विद्वानांनी ओळखले होते.

ते न ओळखल्यास काय होते याचे ठळक उदाहरण ब्रुसेल्सचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील वजन कमी करण्याच्या एका उपचारकेंद्रात चिनी वनौषधी दिली जात होती. ‘हान फांग ची’ आणि ‘ग्वांग फांग ची’ या दोन नावांतील साम्यामुळे पहिलीच्या जागी दुसरी वनस्पती आली. ती अ‍ॅरिस्टोलोकिया या वर्गातील होती. १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बाधित झाल्याचे आढळले आणि त्यांपैकी काहींना कर्करोगही झाला. हा धोका आपल्यापासून दूर नाही. युनानीतील ‘जरावंद’ आणि मराठीतील ईश्वरी किंवा सापसंद या याच वर्गातील वनस्पती होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वर्गातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत स्थान दिले आहे. घरगुती वापरासाठी त्या पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात.

गुळवेलीचा वादही नावाशीच येऊन थांबतो. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. वनस्पतीची नेमकी ओळख पटवलेली नाही व तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ सोडवतील. परंतु कुंपणावरून वेल तोडून रोज काढा पिणाऱ्याला हा प्रश्न अधिकच लागू होतो, कारण त्याच्या वेलीची ओळख कोणीच पटवलेली नसते.

दुसरी ओळ : कोणता भाग, कोणती प्रत

वनस्पती तीच असली तरी तिचा प्रत्येक भाग औषध नसतो. असगंद, म्हणजेच अश्वगंधा, हिचे मूळ वापरण्याची परंपरा आहे. बाजारात पानांचा वापर वाढू लागल्यावर आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पाने न वापरण्याची सूचना उत्पादकांना दिली. प्रतीचा फरक दालचिनीत दिसतो. हा शब्द फारसी ‘दारचीनी’पासून आला असून त्याचा अर्थ चीनचे लाकूड असा आहे. बाजारातील जाड, कडक सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. श्रीलंकेची दालचिनी पातळ, ठिसूळ व अनेक पदरी असते. कॅसियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच अधिक असते व ते मोठ्या मात्रेत यकृताला बाधक ठरू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कुमारिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. पुलावातील तुकड्याने काही बिघडत नाही. साखर कमी व्हावी म्हणून रोज चमचाभर पूड घेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

तिसरी ओळ : मात्रा

जुन्या उर्दू व मराठी ग्रंथांत मात्रा तोळा, मासा आणि रत्ती यांत दिलेली असते. १ तोळा म्हणजे १२ मासे आणि १ मासा म्हणजे ८ रत्ती. आजच्या मापाने तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम, मासा ०.९७ ग्रॅम आणि रत्ती ०.१२ ग्रॅम होते. मासा वाचण्याऐवजी तोळा वाचला तर मात्रा बारापट होते. दशमान पद्धतीत वाढलेल्या पिढीला ही मापे केवळ सोनाराच्या दुकानातून ऐकून माहीत असतात. म्हणून जुना नुस्खा उतरवून घेताना प्रत्येक माप ग्रॅममध्ये लिहून जाणत्याकडून तपासून घ्यावे. काढ्यासाठी सांगितलेली मात्रा चूर्णाला लावू नये, आणि चूर्णाची मात्रा अर्काच्या गोळीला लावू नये.

चौथी ओळ : मुजिर, मुस्लेह आणि मुदत

सोनामुखी, म्हणजे सना मक्की, पोटात मुरडा आणते, ही गोष्ट हकिमांना पूर्वीपासून माहीत होती. म्हणूनच तिच्यासोबत गुलाबाच्या पाकळ्या किंवा बदामाचे तेल मुस्लेह म्हणून देत. पण मुस्लेहाने मुरडा कमी होतो, सवय सुटत नाही. महिनोन्‌महिने सोनामुखी घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. तिचा उपयोग थोड्या दिवसांपुरताच असावा. रमजानमध्ये जुलाब झाल्यास पाणी भरून काढण्याची सोय दिवसा नसते, हेही ध्यानात घ्यावे.

इसबगोल त्या मानाने सौम्य आहे, परंतु ते पाणी शोषून फुगते. पुरेसे पाणी न पिता ते घेतल्यास घशात किंवा आतड्यात अडकू शकते. सहेरीच्या शेवटच्या क्षणी घोटभर पाण्याबरोबर ते घेऊ नये. इफ्तारनंतर भरपूर पाण्यासह घ्यावे.

नव्याने जोडावयाची ओळ : चालू औषधे

एक ओळ जुन्या ग्रंथांत असणे शक्यच नव्हते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड किंवा हृदयविकार यांच्या गोळ्या रोज घेणारी एक तरी व्यक्ती आज बहुतेक घरांत असते. मेथी, कारले किंवा गुडमार यांचे चूर्ण मधुमेहाच्या गोळीसोबत घेतल्यास साखर अपेक्षेहून अधिक उतरू शकते, आणि रोज्याच्या दिवसांत हा धोका वाढतो. लसूण, आले व हळद स्वयंपाकात निर्धोक आहेत. पण त्यांचे अर्क मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. इसबगोल आणि इतर गोळ्या यांत सुमारे दोन तासांचे अंतर असावे. शस्त्रक्रियेपूर्वी तर घरात चालू असलेली प्रत्येक वनौषधी डॉक्टरांना सांगावीच.

गर्भवती, स्तनदा माता, तान्ही मुले आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना कोणतीही वनौषधी स्वतःच्या मताने देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. त्यातील जिवाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

नमुना नोंद

घरातील एका वहीत प्रत्येक वनौषधीसाठी एक पान राखावे. ज्येष्ठमधाचे पान पुढीलप्रमाणे होईल :

नावे : ज्येष्ठमध, उर्दू मुलेठी, अरबी अस्लुस्सूस, गुजराती जेठीमध, कानडी ज्येष्ठमधु, तेलुगू अतिमधुरम. शास्त्रीय नाव ग्लिसिरायझा ग्लाब्रा.

भाग : वाळवलेले मूळ.

उपयोग : कोरडा खोकला, घशाची खवखव.

मात्रा : आयुर्वेदीय औषधकोशाप्रमाणे चूर्ण दिवसाला २ ते ४ ग्रॅम. ही आजारपणातील मात्रा आहे, रोजच्या चहाची नव्हे.

मुजिर : यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाब, हृदय व मूत्रपिंडाचे विकार आणि गर्भारपण यांत वर्ज्य.

मुदत : थोडे दिवस. आठवड्यात खोकला न हटल्यास डॉक्टरांकडे जावे.

चालू औषधे : लघवी वाढवणाऱ्या व रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर घेऊ नये.

खरेदी : दुकान, तारीख, तयार औषध असल्यास परवाना क्रमांक व मुदत.

ज्या वस्तूचे पान पूर्ण भरता येत नाही, ती वस्तू औषध म्हणून घेऊ नये, असा साधा नियम ठेवता येईल. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगावर सूज, धडधड किंवा भ्रम यांपैकी काहीही आढळल्यास औषध तत्काळ बंद करून, ते पुडीसकट बरोबर घेऊन, रुग्णालय गाठावे.

अशी वही तयार करणे हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमण्याजोगे काम आहे. उर्दू वाचणारा विद्यार्थी मुफरदातची नोंद वाचेल, विज्ञानाचा विद्यार्थी शास्त्रीय नाव शोधेल आणि घरातील वडीलधारी मंडळी ती वस्तू प्रत्यक्ष दाखवतील. भरलेली पाने मात्र जवळच्या पदवीधर हकीम, वैद्य किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांविषयीची राष्ट्रीय संस्था आहे, तर हैदराबादेत चारमिनारजवळ निजामिया तिब्बी महाविद्यालय आहे. वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका उरली तर शिक्षकांनी अशा संस्थांतील जाणकारांशी संपर्क साधावा. वडिलांनी जपलेले ज्ञान पुढे न्यायचे असेल तर त्यातील गुणांच्या ओळीबरोबर अपायाची ओळही पुढे गेली पाहिजे.